पॅच केबल घ्यायची तर आधी पिन उघडा

गेल्या गणपतीत तासगावकडच्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. पहिलंच गाणं. गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलवर मी पाय ठेवला आणि गिटार गप्प. कीबोर्डवाल्यानं माझा पीस वाजवून वेळ मारून नेली, पण मंडळाचा अध्यक्ष ज्या नजरेनं बघत होता ती अजून आठवते. दोष निघाला वीतभर पॅच केबलमध्ये, म्हणजे एक पेडल दुसऱ्याला जोडणाऱ्या तुकड्यात. मी दिवसा सांगलीत मोटारी रिवाइंड करतो. वायर, सोल्डर, मल्टिमीटर ही माझी रोजची भाकरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

हिशेब करून बघा. बोर्डावर, म्हणजे पेडल बसवायच्या फळीवर, सहा पेडल असतील तर मधे पाच पॅच केबल लागतात. पाच केबल म्हणजे दहा पिना, आणि प्रत्येक पिनेत दोन जोड. एकूण वीस. सगळे एका माळेत, जत्रेतल्या जुन्या लायटिंगसारखे. एक गेला की सगळीकडं अंधार.

दुकानात जायच्या आधी पेडल फळीवर मांडा आणि सुतळीनं मोजा. बॉस कंपनीच्या पेडलला इनपुट उजवीकडं, आउटपुट डावीकडं असतं, म्हणजे माळ उजवीकडून डावीकडं जाते. काहींचे जॅक वरच्या बाजूला असतात, तिथं माप बदलतं. शेजारच्या दोन पेडलना १५ सेंमी बहुतेक पुरते, खालच्या रांगेतून वरच्या रांगेत जायला ३० सेंमीची एखादी. केबल ताणून बसवू नका, थोडा झोल राहू द्या. जागा वाचवायला चपटी पॅनकेक पिन घ्या. पण दोन पेडल जोडायला केबलशिवायचा जो अख्खा कडक जोड मिळतो, तो नको. पेडलवर पाय पडला की सगळा भार जॅकच्या सोल्डरवर येतो, आणि मग केबल राहते बाजूला, पेडलच दुरुस्तीला येतं.

‘ही केबल घेतली की टोन खुलतो’ या बोलण्याला फार भुलू नका. केबलचा जो गुण वरचा आवाज खातो ती कपॅसिटन्स. गिटारच्या केबलची ती साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा. १५ सेंमीच्या पाच केबल मिळून पाऊण मीटर, म्हणजे ७५ पिकोफॅरड. गिटारपासून बोर्डापर्यंतची तुमची सहा मीटरची केबलच ६०० खाते. वरचा चकचकीत आवाज बसत असेल तर आधी ती लांब केबल कमी करा. ट्रू बायपासवाली, म्हणजे बंद असताना सिग्नल नुसता आरपार सोडणारी, बरीच पेडल असतील तर सुरुवातीला सिग्नलला जोर देणारं एखादं बफरचं पेडल ठेवा. पॅच केबलकडून मला एकच हवं, तिनं गुमान काम करावं. शेजारी मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, काढतात. ती तिथंच शोभते, केबलमध्ये नको.

शील्ड, म्हणजे बाहेरची घरघर अडवणारी जाळी, मात्र नीट बघा. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाडून मोठा करणाऱ्या पेडलच्या, आधी शिरलेली घूं पुढं कितीतरी पट मोठी होऊन बाहेर पडते. आत तांब्याची जाळी दाट विणलेली हवी. दोन सुट्या वायरी शेजारी शेजारी दिसल्या तर ती स्पीकरची केबल. पिन तीच बसते, म्हणून फसगत होते. पिनेवर काळी रेघ एक असली की मोनो, दोन असल्या की स्टिरिओ. आपल्याला एक रेघवाली. साउंडवाले तिला पी-३८ म्हणतात, आकार ६.३५ मिमी. सोन्याचा मुलामा गंजत नाही हे खरं, पण तो पातळ असतो आणि रोज काढघाल केली की झिजतो. निकेलची पिन मला पुरते.

आता मुद्द्याचं. माझ्याकडं शिकायला येणारा एक पोरगा सहा रंगांच्या केबलचं पाकीट घेऊन आला. “दादा, आवाज येईना झालाय, मधनंच येतोय मधनंच जातोय.” पिना ओतीव प्लास्टिकच्या, उघडायची सोयच नाही. ब्लेडनं एक चिरली. आत जाळी नव्हतीच, केसासारख्या चार-पाच तारा पिळून चिकटवलेल्या. सोल्डर राखाडी, दाणेदार, ड्राय, म्हणजे नीट न धरलेली. आणि केबल पिनेत शिरते तिथं पकड म्हणून काही नाही, ओढ थेट जोडावर. असली केबल तुटली की फेकायचीच. म्हणून माझी अट एकच, पिन स्क्रूची हवी आणि दुकानदारानं ती उघडून दाखवली पाहिजे. सोल्डर चकचकीत आहे का, आणि चिमटा बाहेरच्या जाड आवरणाला धरतो की आतल्या वायरीला, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. दुकानदार कुरकुर करतो, करू दे. स्क्रू आवळून बसवायच्या बिनसोल्डरच्या पिना घरच्या बोर्डाला ठीक. आमचं सामान छोट्या हत्तीतून आपटत जातं, तिथं त्या सैल होतात.

सोल्डर येत असेल तर स्वतःच बनवा. न्यूट्रिकच्या पिना आणि कॅनारे किंवा मोगामीची केबल मीटरवर मिळाली तर डोळे झाकून घ्या. पहिलं काम म्हणजे पिनेचं टोपण केबलमध्ये ओवणं. हसू नका, सुंदर सोल्डर करून झाल्यावर टोपण टेबलावर पडलेलं मी अनेकदा बघितलंय. मग जाळी पिळून एका बाजूला घ्या. आतल्या पांढऱ्या आवरणावर बऱ्याचदा एक पातळ काळा थर असतो. तो नुसतं प्लास्टिक वाटतो, पण त्यातून वीज जाते. केबल हलल्यावर होणारी खडखड तो शोषतो. तो टोकाच्या जोडापासून दोन-तीन मिमी मागं सोलून काढा. तो टोकाला टेकला तर सिग्नल गळतो, आवाज मरतो, आणि सोल्डर तर चांगली दिसते. यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. मधली वायर टोकाच्या पत्रीला, जाळी बाहेरच्या पत्रीला. पत्री तापवायची आणि सोल्डर पत्रीवर वितळवायची, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरून थेंब आणून टाकायचा नाही. जाळीची एक जरी तार भरकटून टोकाला लागली तरी गिटार बंद.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात पाणी आलं, केबलची पिशवी बुडाली. वाळवल्या, मीटरवर सगळ्या पास. दिवाळीनंतर खरखर सुरू. आवरण कापलं तर जाळी पिनेपासून दोन बोटं आतपर्यंत हिरवी, कळकलेल्या पितळी पातेल्यासारखी. जाळी वातीसारखं पाणी ओढते. भिजलेल्या केबलच्या पिना काढून ठेवा, वायर टाकून द्या.

तपासायची रीत अशी. मल्टिमीटर बीपवर लावा. टोकाला टोक वाजलं पाहिजे, बुंध्याला बुंधा वाजला पाहिजे, टोक-बुंधा मिळून अजिबात नाही. मग मीटर लावलेला असतानाच पिनेच्या मुळाशी केबल चारी बाजूंनी वाकवा. बीप तुटला की ती केबल बाद. शेवटी डिस्टॉर्शन चालू करून प्रत्येक पिनेवर टिचकी मारा, अँपमधून खरखर आली की सापडली.

कार्यक्रमातच आवाज गेला तर गिटार थेट अँपला लावा. वाजली तर माळ मधोमध तोडून अर्धी अर्धी तपासा. दोन-तीन वेळात दोषी केबल हातात येते. माझ्या गिटारच्या पिशवीत १५ सेंमीची एक आणि ३० ची एक जास्तीची असते, लाल दोरा बांधलेली, म्हणजे अंधाऱ्या स्टेजवर हात लगेच तिच्यावरच जातो.