फॅशन फोटोग्राफी स्वतःच शिकायची आणि पुढे मॉडेल्सचं काम पण बघायचं असेल तर

इन्स्टिट्यूटची फी परवडत नाही, घरात कोणी या लाइनमध्ये नाही, तरी फॅशन फोटोग्राफर व्हायचंय, असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहितोय. यातल्या काही जणांना पुढे नवीन चेहरे मॅनेज पण करायचे असतात, म्हणजे नवीन मॉडेल्सना काम मिळवून द्यायचं आणि त्यांचा व्यवहार बघायचा. दोन्ही एकाच माणसाला जमतं, फक्त पैसा कुठून घ्यायचा आणि कुठून नाही घ्यायचा हे पहिल्या दिवसापासून पक्कं पाहिजे. त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

आधी नोकरीबद्दल. असेल तर सोडू नका. नटनट्यांच्या फोटोंसाठी गाजलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष बघा, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजला केमिस्ट्री शिकलेले, मग लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात नोकरी, १९८० च्या आसपास नटनट्यांचे पोर्ट्रेट काढायला लागले आणि पूर्णवेळ फोटोग्राफी धरली ती १९८७ मध्ये. म्हणजे मधली सात वर्षं पगार चालू होता. महिन्याचं भाडं फोटोतून काढायचंय असं झालं की माणूस मिळेल ते लग्न, मिळेल तो वाढदिवस घेत सुटतो आणि फॅशन मागे पडते.

सामान कमी घ्या. सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), त्यावर ५० एमएम एफ १.८ लेन्स, एवढ्यावर खूप दिवस निघतात. लाइट विकत घेण्याआधी खिडकी शिका, जिच्यातून थेट ऊन येत नाही अशी उत्तरेची असेल तर सोन्याहून पिवळं, ऊन येत असेल तर पांढरं मलमल लावा. स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची मोठी शीट आणा आणि तिच्या एका बाजूला काळा कागद चिकटवा. आता मॉडेलला खिडकीपासून हातभर लांब, थोडं तिरकं उभं करा आणि दुसऱ्या बाजूने पांढरं थर्माकोल हळूहळू जवळ आणत जा, गालाखालची सावली उघडत जाताना डोळ्यांना दिसते. तेच थर्माकोल उलटं करून काळी बाजू धरा, जबड्याची रेघ लगेच धारदार होते. हे एकाच चेहऱ्यावर, एकाच कपड्यात, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करत राहा. दर फोटोत बघायचं काय, तर नाकाची सावली कुठे पडली आणि डोळ्यात खिडकीची चमक आली का. आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद, ती चालूच ठेवावी लागली तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्याहून जास्त स्पीडला फोटोत पट्टे येऊ शकतात.

नवीन मुलं चेहऱ्यातच अडकतात, पण फॅशनचा फोटो कपड्यासाठी असतो हो! सुरकुत्या काढायला स्टीमर, पिना, कपडा मागून घट्ट धरायला चिमटे आणि धागे-केस काढायला चिकट रोलर, हे कॅमेऱ्याच्या बॅगेतच पाहिजे. पैठणी शूट करत असाल तर समोरून फ्लॅश मारला की जरीकाम पांढरं फट्ट होतं आणि काठावरचं विणकाम वाचताच येत नाही. लाइट बाजूने आणा, थोडा वरून, म्हणजे जरीचा एकेक धागा उठतो आणि पदरावरचा मोर मोर दिसतो, निऱ्या खांद्यापासूनच पिनांनी बसवा, नंतर फोटोशॉपमध्ये सरळ करू म्हणून सोडू नका. रिटचिंगमध्ये, म्हणजे फोटो कॉम्प्युटरवर साफ करताना, पिंपल काढा, डाग काढा, पण सावळ्या मुलीला गोरी करू नका. क्लायंटने सांगितलं तरी एकदा तोंड उघडून नाही म्हणा, कारण तो फोटो बघून कास्टिंगला, म्हणजे कामासाठी निवडायला, बोलावलेली मुलगी तिथे वेगळीच दिसली तर काम तिचं जातं आणि नाव तुमचं खराब होतं.

टीम कुठून आणायची? खारघरला निफ्ट हे फॅशनचं कॉलेज आहे, जुहूला एसएनडीटी विद्यापीठ आहे, तिथल्या डिझाइनच्या मुलांना स्वतःच्या कलेक्शनचे चांगले फोटो हवेच असतात. नवीन मेकअप आर्टिस्टला पोर्टफोलिओ हवा असतो, नवीन मॉडेलला पण. सगळ्यांनी बिनपैशाचं मिळून केलेलं ते टेस्ट शूट. फक्त आदल्या दिवशी ग्रुपवर लिहून टाका की प्रत्येकाला किती फोटो, किती दिवसात, कोण कुठे वापरणार, आणि येण्याजाण्याचा नि जेवणाचा खर्च कोणाचा. मूडबोर्ड, म्हणजे शूट कसं दिसायला हवं ते दाखवणारे नमुन्याचे फोटो, पण त्याच मेसेजमध्ये. कपडे बदलायची बंद जागा नसेल तिथे शूट ठेवू नका, आणि मुलीला सांगा की आईला, मैत्रिणीला, ज्याला आणायचं त्याला आण.

पैसे सुरू झाले की एक कायदा पाठ करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा, तुम्ही नाही. बऱ्याच जणांना वाटतं बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. त्यामुळे हक्क कोणाचे हे कोटेशनमध्येच लिहा. हक्क लिहून देताना मुदत टाकली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश टाकला नाही तर भारत. म्हणून शूटची फी वेगळी आणि वापराची वेगळी सांगायची सवय लावा, इन्स्टाग्रामवर तीन महिने आणि हायवेच्या होर्डिंगवर वर्षभर याचा रेट एक कसा असेल?

आता मॅनेजमेंट. फोटोग्राफर या कामाकडे आपोआपच वळतो, कारण कोण वेळेवर येतं, कोण तिसऱ्या तासाला पण कंटाळत नाही, कोणाचा चेहरा कुठल्या कपड्याला चालतो हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. पण इथेच या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. सांगली, नांदेड, अकोल्याहून आलेल्या मुलामुलींना 'तुझ्यात दम आहे, आम्ही तुला मॅनेज करू, फक्त आधी आमच्याकडून पोर्टफोलिओ करून घे' म्हणून हजारो रुपये काढले जातात, आणि त्यानंतर फोन उचलत नाहीत. आईबापांनी सोनं गहाण टाकून दिलेले पैसे असतात ते. म्हणून माझा नियम सरळ आहे, ज्याला मी मॅनेज करतो त्याच्याकडून फोटोचे पैसे घेत नाही, रजिस्ट्रेशनचे पण नाही. त्याला काम मिळालं, त्याचे पैसे आले, तर त्यातून कमिशन. साधारण २० टक्के ठेवा आणि ते लिहून ठेवा. पोर्टफोलिओचा धंदा करायचा तर खुशाल करा, इमानदारीचं काम आहे, पण त्या माणसाला कामाचं आमिष दाखवू नका.

आणि सुरुवातीला कोणाला भारी पोर्टफोलिओ लागत पण नाही. मॉडेल्सना काम देणारी एजन्सी मागते ते डिजिटल्स, म्हणजे माणूस जसा आहे तसा दाखवणारे साधे फोटो. मेकअप नाही, साधी भिंत, अंगाला बसणारा काळा बनियन आणि जीन्स, समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, पूर्ण उंचीचा, एक हसताना, केस बांधून आणि सोडून. उंची आणि मापं खरी लिहा, एक इंच पण वाढवू नका, ट्रायलला कपडा चढला नाही की सगळ्यांसमोर कळतंच. हे फोटो फोनवर अर्ध्या तासात निघतात.

क्लायंटचा फोन आला की तारीख विचारायच्या आधी हे विचारा: फोटो कुठे लागणार, किती महिने, भारतातच की बाहेर पण, आणि त्या काळात याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं काम चालेल का. शेवटचा प्रश्न विसरला तर एका छोट्या ज्वेलरी शूटमुळे मुलीचं वर्षभराचं दागिन्यांचं काम अडकू शकतं.

१८ च्या खालच्याशी थेट करार करू नका, कायद्याने तो टिकत नाही, आईवडिलांशी करा. १४ च्या खालचं मूल असेल तर शूट करणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने फिक्स्डमध्ये जायला हवेत. प्रॉडक्शनवाले हे स्वतःहून सांगतीलच असं नाही, तुम्ही विचारायचं.

पेमेंट उशिराच येतं, दोन-तीन महिने सहज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून घ्या आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा, छोट्या धंद्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे आणि पुढे व्याज लागतं, बिलावर नुसतं तेवढं लिहिलं तरी अकाउंट्सवाला फाइल वर घेतो. मॉडेलचे पैसे तुमच्या खात्यात आले तर त्याच आठवड्यात त्याला पाठवा, सोबत क्लायंटच्या बिलाची कॉपी आणि टीडीएस (क्लायंट आधीच कापून घेतो तो इन्कम टॅक्स) किती कापला तो आकडा, म्हणजे तुमचं कमिशन कशातून कापलं ते त्याला स्वतःला मोजता येईल. आणि करारात बाहेर पडायची वाट ठेवा, एक वर्षाचा करार, दोन्हीकडून महिन्याची नोटीस, आधी मिळवून दिलेल्या कामाचं कमिशन तेवढं तुमचं.