गोकूला सांगलीत आणताना: अ‍ॅनिमेची मराठी विडंबन मालिका कशी करावी

मूळ अ‍ॅनिमेची (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेची) दृश्ये कापून, त्यांचा क्रम आवळून आणि त्यांवर स्वतःच्या आवाजात नवे संवाद चढवून चाहते जी विनोदी मालिका तयार करतात, तिला जगभर ‘अब्रिज्ड’ मालिका म्हणतात. या प्रकाराला खरी ओळख मिळाली ती जुलै 2006 मध्ये, जेव्हा ‘लिटलकुरिबो’ या टोपणनावाच्या ब्रिटिश चाहत्याने ‘यु-गि-ओ’ या मालिकेचे असे भाग यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आणि त्यांतील बहुतेक पात्रांचे आवाज एकट्यानेच काढले. पुढे 2008 पासून ‘टीम फोर स्टार’ या गटाने ‘ड्रॅगन बॉल झी’ हाती घेतले आणि मूळ मालिकेच्या पहिल्या 194 भागांत पसरलेली कथा 60 भागांत आणून बसवली. हे प्रमाण मराठीत काम करू पाहणाऱ्याने पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवावे, कारण असे विडंबन आधी कात्रीत घडते आणि मग जिभेवर येते. चित्र जसेच्या तसे ठेवून त्यावर शिव्या आणि गावरान हेल चढवले तर पहिली दोन मिनिटे हसू येते; तिसऱ्या मिनिटाला प्रेक्षक निघून गेलेला असतो.

उदाहरणासाठी गोकू या लढवय्याची कथा सांगणारी ‘ड्रॅगन बॉल झी’च घेऊ, कारण मालिका ओळखीची आहे आणि सांगली जिल्ह्याच्या मातीशी तिचे अनपेक्षितपणे चांगले जुळते.

काय कापावे

ही मालिका जपानमध्ये 1989 ते 1996 या काळात 291 भागांत दाखवली गेली. अकिरा तोरियामा यांची मूळ चित्रकथा त्या वेळी साप्ताहिकातून प्रसिद्ध होतच होती, त्यामुळे दूरचित्रवाणीवरील कथा छापील कथेच्या फार पुढे जाऊ नये म्हणून भाग लांबवावे लागत. एकमेकांकडे रोखून पाहणे, दगड हवेत तरंगणे, मागील भागाची उजळणी, बाजूला उभ्या असलेल्यांचे आश्चर्य, हे सर्व त्या लांबणीतून आले. खलनायक फ्रीझा नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल असे सांगतो आणि ती पाच मिनिटे सुमारे दहा भाग चालतात, हा तर चाहत्यांचा ठरलेला विनोद आहे. मूळ निर्मात्यांनीसुद्धा 2009 मध्ये ‘काई’ नावाने हीच मालिका भराव काढून नव्याने बांधली होती.

म्हणून निवडलेला भाग प्रथम आवाज बंद करून पाहावा. आवाज नसताना नेमके काय घडते एवढेच दिसते, आणि बहुतेक वेळा ते फारच थोडे असते. त्यानंतर त्या भागाचे सार एका वाक्यात लिहावे. वाक्य दोन ओळींच्या पुढे गेले तर भाग अजून समजलेला नाही असे मानावे. सुमारे चोवीस मिनिटांच्या भागातून सुरुवातीचे गीत, शेवटचे गीत, उजळणी आणि पुढील भागाची झलक वगळली की अठरा-वीस मिनिटे उरतात. त्यांतून पाच ते सहा मिनिटे ठेवावीत, पहिल्या प्रयत्नात तीनच. मात्र एखादी निरर्थक टक लावून पाहण्याची जागा मुद्दाम राखावी. तिथे कोणी काहीच बोलत नाही, आणि नेमक्या त्याच जागी बाहेरून आलेले एखादे साधे वाक्य सर्वांत जास्त हसवते.

माणसे कशी बसवावीत

सांगलीचे रूप द्यायचे म्हणजे भडंग, हळद आणि गणपती मंदिर यांची नावे पात्रांच्या तोंडी पेरायची नव्हेत. पात्राला मूळ कथेत काय हवे आहे ते ओळखून, तीच हाव, तोच हट्ट आपल्या भागात कोणाला असतो याचा शोध घ्यावा. फ्रीझा ग्रह ताब्यात घेतो आणि विकतो. तासगाव-सांगली पट्ट्यात हे काम ऐकून कोणाची आठवण येईल हे सांगण्याची गरज नाही; त्याला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा मालक करावे, आणि सौद्याच्या दिवशी त्याने शांतपणे सांगावे, “यंदा ग्रहाला उठाव नाही. आपली इच्छा असेल तर माल ठेवा, भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला लागेल.” जपानी संवादांत फ्रीझा सुरुवातीला अत्यंत आदबीने बोलतो आणि त्या आदबीमुळेच तो भयंकर वाटतो. मराठीतही त्याने ‘आपण’ सोडू नये. त्याने एकदा जरी आवाज चढवला तर पात्र हातातून गेले असे समजावे.

गोकू डोंगरात वाढलेला, भरपूर खाणारा आणि लढतीशिवाय दुसरे काही न सुचणारा आहे. तो तालमीतला पैलवान होतो, त्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जपानी भाषेतही गोकू खेड्यातल्या बोलीतच बोलतो. त्यामुळे त्याला कृष्णाकाठची बोली देणे म्हणजे मूळ पात्राशी इमान राखणे होय. ती बोली हाच विनोद आहे असे समजून लिहिणाऱ्याला पुढे काही सुचत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही आपलीच टिंगल चालली आहे असे वाटू लागते. व्हेजिटा हा राज्य गेलेला राजपुत्र आहे. वतन गेले, वाडा पडला, पण चहा कपबशीतूनच हवा अशा घरातील मुलाची ऐट त्याला द्यावी आणि त्याची भाषा पुस्तकी ठेवावी.

मूळ मालिकेत एक निवेदक आहे, जो प्रत्येक भागाच्या शेवटी आता काय होणार असे चिंतेने विचारतो. त्याच्या जागी जत्रेतील कुस्ती मैदानाचा निवेदक आणावा. हलगी चालू आहे, जोड लागली आहे, खडाखडीच अर्धा तास रंगली आहे, आणि निवेदक मात्र इनामाची रक्कम कोणी जाहीर केली, फेटा कोणाला बांधायचा आणि कोणाची चारचाकी रस्त्यात आडवी लागली आहे हे सांगतो आहे. नामेकची ती न संपणारी पाच मिनिटे या आवाजाखाली आपोआप उभी राहतात.

सांगलीकरांना हा ढाचा परका वाटू नये. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हा सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई, पात्रे आयत्या वेळी सुचलेले बोलत, आणि त्या परंपरेतील राक्षस ‘अलल डुर्र’ अशी आरोळी देत रंगमंचावर येत. फ्रीझाच्या सैनिकांना हीच आरोळी देऊन पाहावी. किंचाळण्याचे निम्मे काम तिथेच भागते.

शक्ती मोजणाऱ्या स्काउटर यंत्राचा प्रसंग तर हातचा सोडूच नये. इंग्रजी आवृत्तीत व्हेजिटा गोकूची शक्ती 9000 च्या वर गेल्याचे ओरडतो, जपानीत तो आकडा 8000 आहे. म्हणजे आकडा बदलण्याची मुभा आधीच कोणी तरी घेऊन ठेवली आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट झाली हे सांगलीत घरोघरी विचारले जाते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी लहान मुलांनाही पाठ असते. त्या सुरात व्हेजिटा आणि त्याचा साथीदार नापा यांचा हा प्रसंग असा लिहिता येईल:

नापा: “मालक, किती भरलं?”
व्हेजिटा: “पंचेचाळीस फुटांच्या वर!”
नापा: “मग जनावरं सोडायची का?”

यापुढे एक ओळही वाढवू नये. 2005 आणि 2019 च्या पुरांत ज्यांची घरे गेली ते हाच भाग पाहणार आहेत. आकडा विचारण्याच्या सवयीवर हसणे वेगळे आणि वाहून गेलेल्या संसारावर हसणे वेगळे. ही रेषा लिहिणाऱ्यानेच आखायची असते.

तोंड आणि वाक्य

दूरचित्रवाणीच्या अ‍ॅनिमेत ओठांची हालचाल बहुधा बंद, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा मोजक्या चित्रांवर चालते. त्यामुळे अक्षर न् अक्षर जुळवण्याची गरज नसते. बोलणे कुठे सुरू होते, कुठे थांबते आणि मध्ये किती वेळा अडखळते एवढे जुळले तरी डोळा फसतो. मराठी वाक्याचा भार बहुधा शेवटच्या क्रियापदावर असल्याने ते क्रियापद पडते त्याच क्षणी तोंड मिटले पाहिजे. वाक्य आखूड पडले तर ‘म्हणजे बघा’, ‘काय म्हणतो मी’ अशी बोलण्यातली भरती सुरुवातीला घालावी, शेवटी कधीही नाही. पात्र पाठमोरे असेल किंवा कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असेल, तर तिथे कितीही लांबीचे वाक्य बसते. संहितेत अशा जागांवर आधीच खूण करून ठेवावी. संहिता तीन रकान्यांत लिहावी: वेळ, चित्रात काय दिसते, आणि कोण काय बोलते. प्रत्येक संवाद चित्र चालू ठेवून मोठ्याने वाचून पाहावा.

आवाज

चित्र थोडे डावे असले तरी लोक चालवून घेतात, पण आवाज घुमत असेल तर कोणी थांबत नाही. लहान खोली निवडावी, भिंतींना गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यालगतच्या घरात रात्री नोंद करायची असेल तर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांचा विचार करावा, कारण ते स्वतःची गाणी सोबत घेऊन येतात आणि ती गाणी कोणत्याही गोधडीला जुमानत नाहीत. साधा यूएसबी माइक पुरतो. तोंडापासून वीतभर अंतर आणि थोडा कोन ठेवला म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ यांचे फटके बसत नाहीत. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. नोंदीचा दर 48,000 हर्ट्‌झ ठेवावा, आवाजाचे शिखर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये आणि बोलण्याआधी काही सेकंद शांतता नोंदवावी, कारण गोंगाट कमी करताना तोच नमुना लागतो. ती प्रक्रिया अति केली तर माणूस पिंपातून बोलल्याचा भास होतो.

प्रत्येक पात्र स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावे. ओरडण्याचे सर्व संवाद शेवटी, माइकपासून दोन पावले मागे सरकून घ्यावेत; ते आधी घेतले तर बाकीच्या संवादांना गळा उरत नाही. गोकूसाठी दणकट पुरुषी आवाजच हवा असेही नाही: जपानीत 1986 पासून गोकूला आवाज देत आल्या त्या मासाको नोझावा या अभिनेत्री आहेत. एखाद्या मुलीला ही भूमिका द्यायला संकोच करणारा गट सर्वांत चांगला आवाज गमावण्याची शक्यता जास्त.

जोडकामासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती किंवा केडेनलाइव्ह यांपैकी काहीही चालते. प्रकल्प उघडताच चित्रांचा दर मूळ फाइलप्रमाणे, म्हणजे बहुधा सेकंदाला 23.976, असा ठरवून घ्यावा. तो नंतर बदलला की शेवटच्या मिनिटापर्यंत ओठ आणि शब्द यांची फारकत होते. अंतिम आवाजाची पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याच्या एककाच्या) आसपास ठेवावी, कारण त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच खाली आणते.

हक्कांचा प्रश्न

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 मध्ये खासगी वापर, टीका किंवा समीक्षा आणि घडामोडींचे वार्तांकन यांसाठी उचित वापराची मुभा आहे. विडंबनाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. व्हिडिओखाली अनेक जण ‘कलम 107’ची जी ओळ चिकटवतात ती अमेरिकी कायद्यातील आहे आणि ती लिहिल्याने कोणतीही परवानगी मिळत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चित्र व संगीत आपोआप ओळखते आणि हक्कधारक तो व्हिडिओ रोखू शकतो किंवा त्याचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. हक्कधारकाच्या तक्रारीवरून मिळालेल्या तीन स्ट्राइक (यूट्यूबच्या हक्कभंगाच्या नोंदी) 90 दिवसांत जमल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. वर उल्लेखलेल्या लिटलकुरिबोलाही खाते बंद झाल्यामुळे नवे खाते उघडावे लागले होते. मूळ गीते अजिबात वापरू नयेत, दृश्यांचे तुकडे लहान ठेवावेत आणि या कामातून पैशाची अपेक्षा धरू नये.

माझ्या मते मराठी गटाने याहून पुढे जाऊन चित्रेही स्वतःची काढावीत. चित्रकला येणारा एक मित्र असेल तर पात्रांची दहा-बारा स्थिर चित्रे आणि तोंडाची तीन रूपे एवढ्यावर अख्खा भाग उभा राहतो. कथा आणि पात्रे मूळ मालिकेचीच असल्याने हक्कांचा प्रश्न पूर्णपणे मिटत नाही, पण दुसऱ्याची फाइल कापून वापरण्याची गरज उरत नाही, आणि फ्रीझाच्या मागे खरोखरच बेदाण्याचे बॉक्स रचून दाखवता येतात.

तयार झालेला भाग टाकण्याआधी अशा एका माणसाला दाखवावा ज्याने मूळ मालिका कधी पाहिलेली नाही, शक्य असेल तर घरातील एखाद्या काकांना किंवा मावशींना. त्यांना कथा कळली नाही तर कापणी चुकली आहे. कथा कळली आणि हसू आले नाही तर संवाद पुन्हा लिहावेत. त्यानंतर देवनागरी उपशीर्षकांची फाइल स्वतः तयार करून जोडावी, कारण आपोआप उमटणारी मराठी अक्षरे सांगलीच्या बोलीपुढे हात टेकतात.