‘टॅक्स सोप्पा झाला’ असा मेसेज आला की आधी काय बघायचं

दर थोड्या वर्षांनी कोणीतरी अर्थमंत्री सांगतात की आता टॅक्स सोप्पा होणार, आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच पेढे वाटल्यासारखे फॉरवर्ड सुरू. नाचायच्या आधी एवढं करा.

आधी बघा गोष्ट कुठवर आलीये. जुन्या इन्कम टॅक्स कायद्याच्या जागी येणार होता त्या डायरेक्ट टॅक्स कोडचा मसुदा 2009 ला आला, 2010 ला बिल मांडलं, आणि 2014 ला लोकसभा संपली तसं बिलही गेलं. म्हणजे नुसत्या भाषणावर किंवा बिलावर पीपीएफ-एलआयसी हलवायची नाही. इन्कम टॅक्स अ‍ॅक्ट 2025 मात्र खरंच पास झाला, 1 एप्रिल 2026 पासून लागू, पण 31 मार्च 2026 पर्यंतच्या कमाईला 1961 चाच कायदा.

मग विचारा, सोपं नक्की काय झालं? 819 कलमांची 536 झाली, कमाईचं वर्ष एक आणि टॅक्स आकारणीचं असेसमेंट इयर दुसरं हा घोळ जाऊन एकच टॅक्स इयर आलं, चांगलंय, माझं काही म्हणणं नाही. पण या कायद्याने स्लॅब बदलले नाहीत आणि टॅक्स मोजायच्या नवी-जुनी अशा दोन पद्धती, म्हणजे रिजीम, आहेत तशाच, त्यामुळे भाषा सोपी झाली, तुमचा हिशोब नाही.

शेवटी स्वतःचा आकडा काढा, इथेच खरी गंमत आहे. ‘12 लाखांपर्यंत शून्य टॅक्स’ ही रिबेट, म्हणजे टॅक्समधली माफी, फक्त नव्या रिजीममध्ये, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट वजावट धरून 12.75 लाख, आणि शेअर विकून झालेल्या नफ्याला ती रिबेट धरत नाहीत, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. जुनी रिजीम घेणाऱ्या भाडेकरूंनी एचआरए म्हणजे घरभाडे भत्त्यावरची सूट नीट बघा, 1961 च्या कायद्याखालच्या नियमांत बेसिक पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा मुंबईला, ठाणे-नवी मुंबईला 40. मानखुर्दला राहिलात तर 50, खाडी ओलांडून वाशीला आलात की 40, भाडं काय कमी आहे का वाशीत! सुटसुटीतपणा म्हणतात तो हाच असेल बहुतेक.

तर पगाराची स्लिप घ्या, इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही रिजीम टाका, होमलोनचं व्याज आणि 80सी, म्हणजे पीपीएफ-एलआयसीसारख्या बचतीची वजावट, विसरू नका. ऑफिसात एप्रिलमध्ये काही कळवलं नाही तर नवी रिजीम धरतात, पण नुसता पगार असेल तर रिटर्न मुदतीत भरताना बदलता येते. धंदा असेल तर मात्र असं दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही, तिथे आधी सीएला विचारा.