चित्रकारावर फिल्म करताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एखादं तरी पोरगं स्क्रिप्ट घेऊन येतं. विषय बहुतेक ठरलेला: वासुदेव गायतोंडे. ‘ताई, एवढा मोठा चित्रकार आपल्या नागपुरात जन्मला आणि आपल्याच लोकांना माहीत नाही!’ खरं आहे, १९२४ साली ते इथेच जन्मले. पण पहिलं पान उघडलं की तेच ते. लिलावाचा हॉल, हातोडा पडतो, ‘तेवीस कोटी सत्तर लाख!’, टाळ्या, आणि कट टू बालपण.

इथेच गाडी घसरते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत त्यांच्या चित्राचा तो लिलाव झाला तेव्हा गायतोंड्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. म्हणजे तुमच्या फिल्मच्या सगळ्यात दणक्याच्या प्रसंगात नायकच हजर नाही. शिवाय आकडा आधीच कानावर पडला की पुढचं प्रत्येक चित्र प्रेक्षक पैशात मोजत बसतो. हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करायचा. मग बाकीचे दिवस? स्क्रिप्ट तिथून सुरू करा. कोऱ्या कॅनव्हाससमोर नुसता बसलेला माणूस पडद्यावर दोन मिनिटं कसा धरायचा, हे जमलं तर पुढचं जमेल.

दुसरी चूक गावाच्या प्रेमापोटी होते. एका स्क्रिप्टमध्ये तरुण गायतोंडे फुटाळा तलावाच्या काठावर सूर्यास्त बघत बसले होते. हे कुठं वाचलं, विचारलं, तर उत्तर आलं, ‘वाचलं नाही, लोकल टच आहे.’ अरे बाबा, जन्म नागपूरचा असला तरी घडण मुंबईची. गिरगावातली चाळ, १९४८ ची जे. जे.ची पदविका, आणि उतारवयात दिल्लीला निजामुद्दीनची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली. त्यांच्या तोंडात तर्री-पोहे घालू नका. नागपूर हवंच असेल तर आजचं घ्या. सीताबर्डीच्या मेन रोडवर कॅमेरा घेऊन उभे राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारा, गायतोंडे कोण?

आता हक्कांचं. यावर मी जरा जास्तच बोलते, कारण इथे आमचे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी मिळून गायतोंड्यांवर २२ मिनिटांची फिल्म केली. कॅटलॉगमधल्या चित्रांचे मोठे प्रिंट काढले, भिंतीवर लावले, निवांत क्लोजअप घेतले. एका महोत्सवाला पाठवली, तर त्यांनी चित्रांच्या परवानगीचे कागद मागितले. आमच्याकडे छापखान्याची पावती होती. फिल्म अजून माझ्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे.

आमची समजूत अशी की ज्याच्या भिंतीवर चित्र, त्यानं हो म्हटलं की झालं. तसं नसतं. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, त्याच्यानंतर वारसांकडे जातो. आपल्या कायद्यात ही मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. गायतोंडे गेले २००१ साली, म्हणजे २०६१ संपेपर्यंत थांबा किंवा वारसांना गाठा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, व्हॅन गॉग १८९० मध्ये. त्यांची चित्रं खुली आहेत. चित्राचा फोटो मात्र कुणी काढलाय ते बघा, त्याचे हक्क वेगळे असू शकतात. ‘मग आम्ही हुबेहूब नक्कल करून घेतो’ हा मार्गही बंद, कारण नक्कल म्हणजे प्रतच. दृश्याच्या मागे ओझरतं चित्र आलं तर कायदा सूट देतो, पण ज्याच्यावर फिल्म आहे त्याचंच चित्र ओझरतं कसं म्हणणार?

वाट निघते. फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकारावर १९९८ मध्ये ‘लव्ह इज द डेव्हिल’ आला, तेव्हा बेकनची चित्रं वापरायची परवानगी मिळाली नव्हती. मग फिल्मवाल्यांनी माणसांचेच चेहरे काचेतून, लेन्समधून असे वाकवले की अख्खी फिल्म बेकनच्या नजरेतून पाहतोय असं वाटतं. आम्हाला हे फिल्म पूर्ण झाल्यावर सुचलं.

चित्र काढतानाचे शॉट तर बहुतेक फिल्ममध्ये फसतात. नट ब्रश बॉलपेनसारखा धरतो आणि नाक कॅनव्हासला टेकवून बारीक रेघा ओढतो. त्याला पंधरा दिवस आधी एखाद्या चित्रकाराकडे बसवा. ब्रश मागून धरून, दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून बघणं अंगात यायला तेवढे दिवस लागतात. आणि आधी तुमच्या चित्रकाराचं हत्यार कोणतं ते तपासा. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंग चढवायचे तसे काढायचेही. आमच्या नटाच्या हातात आम्ही सहा नंबरचा ब्रश दिला होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही, मग चित्रकला महाविद्यालयातला एक मुलगा रशेस, म्हणजे न कापलेलं शूटिंग, बघताना फसकन हसला.

रिटेकची अडचण वेगळीच. ऑइल कलर एकदा लागला की पूर्वीचा कॅनव्हास परत मिळत नाही, आणि तो दिवसेंदिवस वाळतही नाही. आमच्या एका शॉटमध्ये निळा पट्टा आहे, पुढच्यात नाही, त्याच्या पुढच्यात परत आहे. उपाय सोपा, फक्त खर्चाचा: एकाच चित्राचे चार कॅनव्हास चार टप्प्यांवर तयार ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे खडूनं टप्प्याचा नंबर टाका. खर्च वाचवायला ॲक्रिलिक घेत असाल तर मे महिन्यात घेऊ नका. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या खोलीत कूलर बंद होता, कारण आवाज रेकॉर्ड होत होता; ‘ॲक्शन’ म्हणेपर्यंत पॅलेटवर साय धरायची. पाण्याचा फवारा जवळ ठेवा.

‘ताई, हे पिवळं हिरवं काऊन दिसून राहिलं?’ हा आमच्या कॅमेरावाल्याचा प्रश्न. खिडकीतून ऊन, वर स्वस्तातला एलईडी, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यातलं सेटिंग) ऑटोवर. नट पांढऱ्या कुर्त्यात कॅनव्हाससमोरून गेला की मागचा रंगच बदलायचा. चित्रकाराच्या फिल्ममध्ये रंग हलला तर उरतं काय? प्रकाश एकाच जातीचा ठेवा, एलईडी ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) असलेला भाड्यानं आणा, ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचा पुठ्ठा, धरून व्हाइट बॅलन्स पक्का करा. दिवे लुकलुकत असतील तर शटर एक पन्नासांशवर आणा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ओल्या रंगावर चकाकी आली तर दिवा बाजूला, साधारण ४५ अंशांवर सरकवा.

शेवटच्या पाच मिनिटांत मात्र जवळजवळ सगळेच आळशी होतात. चित्रकार मरतो, पडदा काळा, अक्षरं येतात: ‘पुढे ते जगप्रसिद्ध झाले.’ असे आपोआप कसे होतील? व्हॅन गॉगनंतर सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओही गेला. उरली थिओची बायको योहाना, कडेवर तान्हं पोर आणि घरभर न विकलेली चित्रं. तिनं ती सांभाळली, प्रदर्शनांना पाठवली, निवडून-निवडून विकली, आणि १९१४ मध्ये व्हॅन गॉगची पत्रं छापून आणली. रविवर्म्याचं नाव घराघरात पोचलं ते १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून. देवघरातली लक्ष्मी तिथून आली. तुमच्या चित्रकारासाठी हे काम कुणी केलं ते शोधा आणि त्या माणसाला निदान एक प्रसंग द्या.

आणि फिल्म लॅपटॉपवर बघून पाठवू नका. गल्लीतल्या गणपतीत लावतात तसला जुना प्रोजेक्टर मिळवा, घरच्या भिंतीवर चादर ताणा आणि रात्री आठ वाजता लावा. आमच्या फिल्ममधले दोन जवळचे करडे रंग त्या चादरीवर एकच झाले होते. ग्रेडिंगला, म्हणजे फिल्मचे रंग जुळवायला, परत बसावं लागलं, चार रात्री गेल्या.