विव्हा पिन्याटाच्या बागेतले पहिले काही दिवस

वाढदिवसाला खोलीच्या मधोमध गोळ्या-चॉकलेटांनी भरलेला मोठा फुगा टांगायचा आणि तो फोडून मुलांनी खाऊवर तुटून पडायचे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. मेक्सिकोत याच कामासाठी कागदाच्या लगद्याची, रंगीत झिरमिळ्यांनी मढवलेली आणि पोटात मिठाई भरलेली आकृती टांगतात. तिला पिन्याटा म्हणतात. या आकृत्या जिवंत असत्या, एखाद्या बेटावर रानात हिंडत असत्या आणि आपल्याला त्यांच्यासाठी बाग फुलवायची असती तर काय झाले असते, या कल्पनेवर इंग्लंडमधील रेअर या कंपनीने २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी ‘विव्हा पिन्याटा’ हा खेळ तयार केला. त्यातले प्राणी खरोखरच कागदी आहेत, त्यामुळे एखादा प्राणी फुटला तरी रक्ताचा थेंबही दिसत नाही, फक्त गोळ्या उधळतात. नावेही तशीच गोड आहेत: ससा आणि मधाचे पोळे मिळून बनीकोम, साळू आणि फज मिळून फजहॉग, घोडा आणि पिस्ता मिळून हॉर्सटाचिओ.

पडद्यावरचा गोडवा पाहून हा अगदी बाळबोध खेळ असावा असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. नवा खेळाडू बहुधा प्राण्यांच्या मागे लागतो, कुंपणाबाहेर फिरणाऱ्या प्राण्याला आत कसे आणायचे याची बटणे शोधत बसतो आणि तासाभरात कंटाळतो. इथे कोणालाही पकडायचे नसते. जमीन, पाणी, गवत आणि पिके यांचा मेळ बसला की प्राणी आपल्या पायांनी येतात, आणि पुढील सगळ्या सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

आधी कोणती आवृत्ती घ्यावी ते पाहू. मूळ खेळ २००७ मध्ये विंडोजवर आला आणि २००८ मध्ये ‘ट्रबल इन पॅराडाइज’ हा त्याचा पुढचा भाग निघाला. आजच्या एक्सबॉक्सवर खेळायचे असेल तर २०१५ मध्ये आलेल्या ‘रेअर रीप्ले’ या तीस खेळांच्या संचात हे दोन्ही भाग आहेत, त्यामुळे जुने यंत्र शोधण्याची गरज नाही. मूल सहा-सात वर्षांचे असेल आणि त्याला नुसते पेरायचे-पाणी घालायचे असेल तर दुसरा भाग घ्यावा, कारण त्यात पैशांची चणचण आणि खलनायकांचा त्रास बाजूला ठेवणारा निव्वळ गमतीचा प्रकार आहे व दोघांना एकत्र खेळता येते. मूल थोडे मोठे असेल तर मात्र पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण बागेचे तर्कशास्त्र तिथे सावकाश, एकेक पायरी करून उलगडते.

सुरुवातीला हाती येणारी जमीन उजाड, कडक आणि भंगाराने भरलेली असते आणि हत्यार म्हणजे एक मोडके फावडे. लीफोस नावाची मुलगी येऊन काय करायचे ते सांगत राहते, तिचे ऐकावे. भंगार फोडून टाकावे, टणक माती फावड्याने फोडून मऊ करावी आणि मग गवताचे बी पसरावे. इथे बहुतेकांकडून पहिली चूक होते: हिरवेगार दिसावे म्हणून सगळ्या जमिनीवर गवत लावले जाते. तसे करू नये. काही प्राण्यांना उघडी माती लागते, काहींना गवत, काहींना पाणी, आणि किती टक्के जमीन कशाखाली आहे याचा हिशेब खेळ सतत ठेवत असतो. एक कोपरा मातीचा, मोठा भाग गवताचा आणि पुढे तळे खणण्यासाठी थोडी मोकळी जागा, अशी ढोबळ वाटणी पहिल्याच दिवशी मनाशी करून ठेवली तर नंतर उखडाउखड करावी लागत नाही.

माती मऊ झाली की थोड्या वेळाने पहिला पाहुणा दिसतो. तो असतो व्हर्लम, म्हणजे गांडूळ. आमच्याकडे तो आला तेव्हा माझी भाची पडद्याला नाक लावून बसली होती. कुंपणाच्या कडेला एक राखाडी, रंग उडालेला जीव वळवळत होता, मग तो मातीत शिरला, गिरकी घेतली आणि एकाएकी त्याच्या अंगावरच्या झिरमिळ्या रंगीत झाल्या. ‘मामा, तो आपला झाला,’ असे ती म्हणाली आणि खेळाचा मुख्य नियम तिला मी न सांगताच कळला. रंग नसलेला प्राणी रानातला असतो आणि रंगीत झालेला आपल्या बागेतला.

प्रत्येक जातीच्या बाबतीत हा प्रवास चार पायऱ्यांचा असतो. आधी प्राणी हद्दीबाहेर दिसू लागतो, मग पाहुणा म्हणून आत येतो, मग रहिवासी होतो आणि शेवटी जोडी जमवण्यास तयार होतो. प्रत्येक पायरीच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या खेळातल्याच कोशात चित्रांसह नोंदलेल्या असतात. प्राणी एकदा दिसला की त्याचे पान उघडून वाचण्याची सवय लावून घ्यावी. माऊसमॅलो हा उंदीर सलगमावर खूश असतो, बनीकोमला गाजरे हवी असतात, बदकाला तळे लागते, आणि मॉथड्रॉपसारखे पतंग रात्रीशिवाय तोंड दाखवत नाहीत. अट पूर्ण झाली की कोशात तशी खूण होते, त्यामुळे नेमके काय अडले आहे ते लगेच समजते. मुलांसोबत खेळत असाल तर हे वाचन त्यांच्याकडे सोपवावे आणि फावडे आपण चालवावे. उलट वाटणी केली तर मूल बाग खणत सुटते आणि पान वाचायला कोणीच उरत नाही.

पिकांच्या बाबतीत झारी जपून वापरावी. रोपाला पाणी हवे असेल तेव्हा त्यावर तशी खूण दिसते. ती दिसल्यावरच पाणी द्यावे, कारण जास्त पाण्यानेही रोप मरते आणि मुलांच्या हातून रोपे मरतात ती बहुधा अशीच. तण दिसताच फावड्याने उपटावे, ते पसरायला वेळ लागत नाही. खताचे गणित थोडे बारीक आहे. खते वेगवेगळ्या रंगांची असतात, प्रत्येक पिकाचा रंग ठरलेला असतो, आणि वाढीच्या टप्प्यांवर योग्य रंगाचे खत दिले तर झाड नेहमीपेक्षा मोठे होते व त्याच्या फळाला चांगला भाव येतो. सुरुवातीला एकच पीक निवडून त्याचा रंग लक्षात ठेवावा आणि त्यावरच हात बसवावा. मोठी झाडे मात्र विचार करून लावावीत, कारण प्रत्येक झाडाला भोवती मोकळी जागा लागते आणि बागेच्या मध्यभागी लावलेले एक झाड पुढच्या दोन झाडांची जागा खाऊन टाकते.

इथले चलन म्हणजे चॉकलेटची नाणी. बियाणे, खते, कुंपण आणि फावड्याचे नवे पाते हे सारे कॉस्टोलॉटच्या दुकानात मिळते आणि बागेतला माल तिथेच विकता येतो. पहिली शिल्लक शोभेच्या दिव्यांवर किंवा पुतळ्यांवर उडवू नये, ती फावड्यासाठी राखावी, कारण चांगल्या फावड्याशिवाय पुढची कामे अडतात. सीडोस नावाचा एक भटका मुलगा अधूनमधून बागेत येतो आणि त्याच्याशी बोलल्यास फुकट बी देऊन जातो, तेव्हा त्याला डावलू नये. बाग मोठी झाली की आर्फरच्या खानावळीतून मदतनीस नेमता येतात. त्यांतला पाणी घालणारा स्प्रिंकलिंग सर्वांत आधी घ्यावा असे मी म्हणेन, कारण त्यानंतर झारीचा ताप संपतो आणि आपले लक्ष प्राण्यांकडे राहते.

एकाच जातीचे दोन रहिवासी झाले की विली बिल्डरकडून त्या जातीचे घर बांधून घ्यावे. घर आणि कोशातल्या बाकीच्या अटी जमल्या की दोघांना एकमेकांकडे पाठवायचे. मग एक छोटा चक्रव्यूह उघडतो, ज्यात एका प्राण्याला वाटेतल्या फिरत्या अडथळ्यांना न धडकता जोडीदारापर्यंत न्यायचे असते. घाई न करता, आधी अडथळे कोणत्या लयीत फिरतात ते दोन क्षण पाहून निघाले तर तो सहज सुटतो. मग दोघांचा नाच होतो (प्रत्येक जातीचा नाच निराळा आहे आणि तो पहिल्यांदा तरी पूर्ण पाहावा), आणि स्टॉर्कोस अंडे घेऊन येते. व्हर्लमची अंडीही स्टॉर्कोसच आणते, त्यामुळे अंडी कुठून येतात या मुलांच्या प्रश्नाला इथे तरी सोपे उत्तर आहे.

आता ज्या गोष्टीसाठी पालकांनी आधीच तयार राहावे ती. या बागेत प्राणी एकमेकांना खातात. स्पॅरोमिंट ही चिमणी जोडी जमवण्यापूर्वी व्हर्लम मागते, तर सिरुपेंट या सापाचा डोळा माऊसमॅलोवर असतो. आमच्या बागेत ज्या गांडुळाला भाचीने नाव ठेवले होते नेमके तेच चिमणीने टिपले आणि पुढचा अर्धा तास रुसव्यात गेला. तेव्हापासून आम्ही एक रीत पाळतो: जो प्राणी दुसऱ्याचे खाद्य आहे त्याची जोडी आधी जमवायची, दोन-तीन पिल्ले होऊ द्यायची आणि मगच शिकाऱ्याला आत येऊ द्यायचे. खेळात प्राण्यांना नावे देता येतात, तेव्हा नाव फक्त त्यालाच द्यावे ज्याला आपण कुंपणाच्या सुरक्षित बाजूला ठेवणार आहोत.

खाण्यापलीकडे भांडणेही होतात. हाडवैर असलेल्या जाती जवळ आल्या की मारामारी ठरलेलीच, आणि हरलेला प्राणी आजारी पडतो. तेव्हा डॉक पॅचिंगोला ताबडतोब बोलवावे, कारण आजारी प्राण्याचा वास लागल्यासारखा डास्टार्डोस नावाचा मुखवट्याआडचा इसम गुणगुणत येतो आणि त्याला फोडून टाकतो. त्याला फावड्याने हाणून उपयोग होत नाही, त्याच्या आधी डॉक्टर पोहोचला पाहिजे. लाल-काळ्या रंगाचे आंबट पिन्याटा हा दुसरा उपद्रव आहे. ते विषारी गोळ्या टाकत फिरतात आणि त्या खाऊन आपले प्राणी आजारी होतात, म्हणून गोळी दिसताच फावड्याने फोडावी. मात्र आंबट पिन्याटांना हाकलण्याऐवजी कोशात सांगितलेला खाऊ मिळवून द्यावा. तो खाल्ल्यावर ते निवळतात आणि आपल्याच बागेत राहतात. प्रोफेसर पेस्टर या खलनायकाचे गुंड आले तर थोडी नाणी देऊन त्यांची बोळवण करावी, त्यात मानापमान मानू नये.

कोशात स्पष्ट न सांगितलेल्या काही गमतीही आहेत. सिरुपेंटचे अंडे उबताना त्यावर फावड्याचा फटका दिला तर दोन डोक्यांचा ट्विंगरस्नॅप निघतो. टॅफ्ली या माशीला पेटत्या मशालीकडे पाठवून लगेच तिच्यावर पाणी ओतले तर ती रेडहॉट होते, पण झारी आधीच हातात घेऊन ठेवावी, आमची पहिली माशी झारी शोधण्यात गेली. रॅशबेरी हे डुक्कर आणि स्वनाना हा हंस यांची जोडी जमवली तर पिग्झी नावाचे एक विचित्र आणि मोहक ध्यान जन्माला येते. याशिवाय ठरावीक फुले किंवा फळे खाऊ घातली की अनेक जातींचे रंग बदलतात, आणि कोणते फूल कोणावर चालते हे करून पाहण्यात रविवारची दुपार सहज जाते.

शेवटी बाग भरते आणि नवा प्राणी दारात आला तरी जागा उरत नाही. खेळाडूच्या पातळीनुसार जमीन वाढत जाते, पण जागेची मर्यादा कधीच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी ज्यांच्या सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत अशा जातींची एक जोडी ठेवून बाकीचे विकावेत, वापरात नसलेली घरे काढून टाकावीत आणि शोभेच्या वस्तूंना हात घालावा. विकण्यापूर्वी त्या प्राण्याला कोणी नाव दिले आहे का ते पाहावे आणि दिले असेल तर त्या मुलाला विचारावे. आमच्या बागेत एक म्हातारा बनीकोम केवळ या कारणाने अजून गाजरे खात बसला आहे.