पिस्गात तंबू ठोकायच्या आधी मान वर करून बघा
नॉर्थ कॅरोलिनाच्या पिस्गा नॅशनल फॉरेस्टमध्ये साधं तंबूवालं कँपिंग करणार असाल, म्हणजे नळ नाही टॉयलेट नाही काहीच नाही, तर जागा उजेड असतानाच शोधा आणि तंबू लावायच्या आधी वर बघा. तिकडची बरीच हेमलॉकची झाडं एका बारीक किडीमुळे मरून उभीच्या उभी वाळलीयेत, पानं नाहीत, साल सुटलेली, वारा सुटला की फांदी कधी खाली येईल काही भरवसा नाही. ओढ्याकाठची सपाट जागा मस्त वाटते खरी पण रात्री वर डोंगरात पाऊस झाला की पाणी पटकन चढतं, आणि गारठाही तिथेच साठतो, म्हणून ओढ्यापासून निदान २०० फूट लांब, जरा उंचावर, शक्यतो आधी कुणी तंबू लावलेल्या जागीच. अस्वलं आहेत बरं का! पिस्गातल्याच शायनिंग रॉक, ब्लॅक बाल्सम भागात मुक्कामाला बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा, कंपल्सरी आहे, त्यात नुसते धपाटे-चिवडा नाही तर टूथपेस्ट, सनस्क्रीन पण टाका, डबा झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. शायनिंग रॉकमध्ये शेकोटीला बंदी आहे, चहासाठी गॅसचा छोटा स्टोव्ह न्या.