लॉगिनचा डॅशबोर्ड करताय? आधी घड्याळ तपासा

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीतल्या लॉगिन नोंदींवरून कॉलेजसाठी वापराचा डॅशबोर्ड केला, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. एसक्यूएल येत होतं, पोस्टग्रेस डेटाबेसची सवय होती, ग्राफानात आलेख काढता येत होते. तुमचंही एवढं झालेलं आहे असं धरून लिहितेय.

लॉगस्टोअर स्टँडर्ड लॉग या टेबलात प्रत्येक यशस्वी लॉगिनची ओळ असते: इव्हेंटचं नाव, यूजर आयडी आणि टाइमक्रिएटेड. हा शेवटचा रकाना म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद, यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. हे मला माहीत होतं. तरी तासांचे गट पाडताना वेळ भारतीय करून घ्यायचं सुटलं, कारण आलेख पटण्यासारखा होता. दुपारी चार-पाचला मोठी गर्दी, रात्री दहाला जवळपास कुणी नाही. लेक्चर संपली की मुलं लॉगिन करतात, असं मी स्वतःला समजावलं.

त्या आलेखावरून सर्व्हरच्या देखभालीला रात्री दहाची वेळ ठरली. असाइनमेंटची मुदत त्याच रात्री 11:59 ला संपत होती. दहाला साइट बंद झाली आणि सव्वादहापासून फोन सुरू झाले. यूटीसीतले रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन, आणि दुपारची ती गर्दी म्हणजेच खरी रात्री दहाची गर्दी. मुदत वाढवून मिळाली. पण दुसऱ्या दिवशी एक मुलगी ऑफिसात येऊन म्हणाली, "मॅडम, माझं सबमिशन लेट धरणार का?" ते अजून आठवतं.

म्हणून हा भाग सावकाश वाचा. सेकंदांवर पोस्टग्रेसचं टू-टाइमस्टॅम्प हे फंक्शन लावलं की टाइम झोनसह वेळ मिळते. तिच्यावर 'अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावलं की भारतीय वेळ येते. पण मधल्या एखाद्या टेबलात यूटीसीची वेळ झोनशिवाय साठवली असेल, तर तेच शब्द उलटं काम करतात. पोस्टग्रेस ती वेळ भारतीयच आहे असं धरतं आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर ती साडेपाच तास मागे जाते. यूटीसीत 18:00 चं लॉगिन आपल्याकडे 23:30 चं, तुम्हाला दिसतं 12:30. अकरा तासांची चूक, आणि एरर एकही नाही. तिथे आधी यूटीसी, मग कोलकाता, असं दोनदा लावावं लागतं. गट पाडायचे ते त्यानंतरच. यूटीसीतले तासाचे गट आधीच पाडून साठवलेत, तर पुढे ते नीट करता येत नाहीत. आपलं अंतर साडेपाच तासांचं, त्यामुळे आपली मध्यरात्र एका गटाच्या बरोबर मधोमध पडते.

"सरळ 19800 सेकंद मिळव" असं सांगणारे सीनियर भेटतील. भारतापुरतं उत्तर बरोबर येतं, तरी माझा त्याला विरोध आहे. पुढे कुणीतरी डेटाबेसच्या सेशनचा टाइम झोन कोलकाता करतं आणि साडेपाच तास दोनदा मिळवले जातात. तयार क्वेरी देणाऱ्यापेक्षा "दहा ओळी हाताने तपासून दाखव" म्हणणाऱ्याला धरून राहा. मला असा माणूस उशिरा भेटला.

झालीच चूक तर घाबरू नका. मूळ नोंदी शाबूत आहेत तोवर सगळं पुन्हा काढता येतं. माझा दुरुस्त डॅशबोर्ड एका दुपारीत झाला. मात्र लॉग किती दिवस ठेवायचे ही सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. पुसलेली नोंद परत येत नाही.

बाकीचं थोडक्यात. लॉगिन मोजली म्हणजे माणसं मोजली असं होत नाही, प्रत्येकाला एकदाच मोजणारं काउंट डिस्टिंक्ट वापरा. रोजच्या आकड्यांची बेरीज महिन्याचा आकडा म्हणून कधीच देऊ नका. वीस दिवस आलेला एकच मुलगा वीसदा मोजला जातो. मोबाइल अ‍ॅपवाले एकदा लॉगिन करून पुढे कितीतरी दिवस आतच असतात, त्यांचा रोजचा वापर या इव्हेंटमध्ये सापडत नाही. शून्य लॉगिनचे दिवस तारखांची सलग यादी देणाऱ्या जनरेट सीरिजने भरा, नाहीतर दिवाळीची सुट्टी आलेखातून गायब होते.

आणि डॅशबोर्ड कुणाला दाखवण्याआधी एक रात्र जागा. बारा वाजून दहा मिनिटांनी स्वतः लॉगिन करा, वेळ कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी ती नोंद कोणत्या तारखेत, कोणत्या तासात पडली ते बघा.